जर्मन चिलखती वाहनाचे नाव कसे वाचावे

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्याच्या छायाचित्राखालची ओळ किंवा प्लास्टिकच्या प्रतिकृतीच्या खोक्यावरचे नाव पहिल्यांदा वाचणाऱ्याला असे वाटते, की कारकुनाला टंकयंत्रावरच डुलकी लागली असावी. 'पँझरकाम्फवागेन ४ (७,५ सेंमी केडब्ल्यूके ४० एल/४८) (एसडी.केएफझेड. १६१/२) आउसफ्युरुंग एच' हे एका अगदी सामान्य, हजारोंनी बनलेल्या रणगाड्याचे पूर्ण कागदोपत्री नाव आहे. मूळ रोमन लिपीतले संक्षेप मी येथे उच्चारानुसार देवनागरीत देत आहे आणि रोमन अंकांच्या जागी आपले अंक वापरत आहे. खोक्यावर मात्र ४ ऐवजी रोमन चार दिसेल, एवढे ध्यानात ठेवावे.

म्हापशात पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने हवेत इतका दमटपणा असतो, की प्रतिकृतीवरचा रंग दोन-दोन दिवस वाळत नाही. त्या रिकाम्या दिवसांत मी ही नावे उलगडायला शिकलो. शिकताना माझी जी एक समजूत बदलली, तिच्यावरच हा लेख उभा आहे. आपण ज्याला एक नाव समजतो ते मुळात एक नाव नसते. ती वेगवेगळ्या हेतूंनी दिलेल्या चार-पाच नावांची माळ असते, आणि तिच्यातला प्रत्येक मणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. गाडी कोणत्या जातीची, त्या जातीतली कितवी आवृत्ती, सैन्याच्या वाहन-यादीत तिचा क्रमांक कोणता, तिच्यावर तोफ कोणती, आणि लोक तिला हाक कोणत्या नावाने मारत, हे ते प्रश्न. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला जोडले की गोंधळ सुरू होतो, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पुस्तकांतील चुका याच प्रकारच्या असतात.

पहिला शब्द जातीचा. 'पँझर' म्हणजे चिलखत, 'काम्फ' म्हणजे लढाई आणि 'वागेन' म्हणजे गाडी, म्हणून 'पँझरकाम्फवागेन' म्हणजे चिलखती लढाऊ गाडी, आपल्या भाषेत रणगाडा. छापील मजकुरात त्याचा संक्षेप 'पीझेड.केपीएफडब्ल्यू.' असा येतो. त्यापुढचा अंक एक ते सहा यांपैकी असतो. हा अंक वजन, ताकद किंवा दर्जा सांगत नाही. तीन आणि चार क्रमांकांचे रणगाडे जवळजवळ एकाच काळात, १९३० च्या दशकाच्या मध्यावर आखले गेले आणि त्यांची कामे वेगळी ठरवलेली होती. तिसऱ्याने ३.७ सेंटिमीटरच्या तोफेने शत्रूच्या रणगाड्यांशी भिडायचे आणि चौथ्याने आखूड नळीच्या ७.५ सेंटिमीटर तोफेने मागून आधार द्यायचा, असा तो बेत होता. युद्धाच्या उत्तरार्धात या दोघांनी कामांची अदलाबदल केली. ती कशी, हे नावातूनच वाचता येते आणि त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

या अंकांच्या आधीचाही एक इतिहास आहे आणि तो गमतीचा आहे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बनवण्यास बंदी केली होती. त्यामुळे सुरुवातीच्या नमुन्यांना 'हलका ट्रॅक्टर' आणि 'मोठा ट्रॅक्टर' अशी टोपणनावे देण्यात आली. सोव्हिएत रशियाशी गुप्त करार करून १९२९ ते १९३३ या काळात कझान शहराजवळच्या 'कामा' या केंद्रात त्यांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. (आमच्या खाजन शेतीशी त्या शहराचा नामसाधर्म्यापलीकडे काही संबंध नाही, पण ट्रॅक्टर म्हटल्यावर गोवेकराच्या मनात तो विचार आल्याशिवाय राहत नाही.) पुढे पहिल्या क्रमांकाचा रणगाडा ज्या नावाखाली तयार झाला त्याचा शब्दशः अर्थ 'शेतीचा ओढगाडा' असा होता आणि त्याचा संक्षेप 'एलएएस' असा लिहीत. तिसऱ्याला 'पलटणनायकाची गाडी' आणि चौथ्याला 'बटालियननायकाची गाडी' अशा अर्थाची नावे होती, म्हणून जुन्या कागदपत्रांत 'झेडडब्ल्यू' किंवा 'बीडब्ल्यू' ही अक्षरे दिसली, तर ती अनुक्रमे पँझर तीन आणि पँझर चार यांची पूर्वाश्रमीची नावे आहेत असे समजावे.

दुसरा मणी आवृत्तीचा. 'आउसफ्युरुंग' म्हणजे बनावट किंवा आवृत्ती. तिचा संक्षेप 'आउसफ.' असा असतो आणि त्यापुढे एक अक्षर येते. सर्वसाधारणपणे ए, बी, सी या क्रमाने आवृत्ती नवी होत जाते आणि चिलखत, इंजिन, चाके, झडपा यांत बदल होतात. आय हे अक्षर मात्र गाळलेले दिसते. पँझर चारची अक्षरे ए पासून जे पर्यंत जातात आणि एच नंतर थेट जे येते.

पण 'सर्वसाधारणपणे' या शब्दावर मी भर देतो, कारण येथेच मी स्वतः फसलो होतो. एका दुकानदाराने मला 'पँथर'ची, म्हणजे पाचव्या क्रमांकाच्या रणगाड्याची, प्रतिकृती विकताना आउसफ. ए म्हणजे पहिली, म्हणून ती घ्या, असे सांगितले. मी ती बांधली आणि १९४३ च्या जुलैमधील कुर्स्कच्या लढाईच्या देखाव्यात ठेवली. प्रत्यक्षात पँथरची पहिली आवृत्ती डी होती, तिच्या मागून ए आली आणि शेवटी जी. कुर्स्कला लढले ते डी होते, ए चे उत्पादन त्या लढाईनंतर सुरू झाले. वर्णमालेवर विश्वास ठेवून केलेली ती चूक आजही माझ्या कपाटात उभी आहे. तेव्हा नियम असा धरावा, की अक्षरक्रम हा अंदाज आहे आणि त्याची खात्री प्रत्येक जातीसाठी वेगळी करून घ्यावी लागते. 'टायगर'ची, म्हणजे सहाव्या क्रमांकाची, अक्षरे तर सरळसरळ उडी मारतात. सुरुवातीला त्याला एच१ म्हणत, १९४३ पासून तोच ई झाला आणि त्याच्या जागी आलेला थोरला भाऊ बी म्हणून ओळखला गेला.

एकच गाडी दोन अक्षरांनी का ओळखली जाते, याचे उत्तम उदाहरण पँझर चारचे आउसफ. एफ आहे. १९४२ च्या वसंतात या आवृत्तीवर आखूड तोफेऐवजी लांब तोफ बसवण्यात आली. दोन्ही वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून आखूड तोफवाल्या गाड्यांना एफ१ आणि लांब तोफवाल्यांना एफ२ म्हटले गेले, आणि थोड्याच काळात एफ२ चे नाव बदलून जी करण्यात आले. म्हणून एका पुस्तकात एफ२ आणि दुसऱ्या पुस्तकात जी असे लिहिलेले आढळले, तर लगेच कोणाला खोटे ठरवू नये. दोघेही बरोबर असू शकतात, फक्त त्यांच्या हाती वेगवेगळ्या महिन्यांतली कागदपत्रे असतात.

आता तिसरा मणी, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी. 'एसडी.केएफझेड.' हा 'झोंडरक्राफ्टफारत्सॉइग' या लांबलचक शब्दाचा संक्षेप असून त्याचा अर्थ विशेष कामाचे मोटार वाहन. सैन्याच्या शस्त्रास्त्र खात्याने वाहनांना दिलेला हा यादी-क्रमांक आहे. जीए-०३ पाहिले की गाडी म्हापशाच्या आणि जीए-०५ पाहिले की फोंड्याच्या कार्यालयात नोंदलेली, हे आपल्याला जसे मालकाला न विचारता कळते, तसेच काहीसे या क्रमांकाचे आहे. फरक इतकाच, की तो एकेका गाडीला नसून गाडीच्या प्रकाराला असतो.

क्रमांकांचे ढोबळ पट्टे ध्यानात ठेवले की निम्मे काम होते. शंभराच्या आतील क्रमांक बिनचिलखती, पुढे चाके आणि मागे पट्टे असलेल्या ओढगाड्यांचे असतात. ८.८ सेंटिमीटरची प्रसिद्ध विमानविरोधी तोफ ओढणारी आठ टनी गाडी ७ क्रमांकाची, आणि मोटारसायकलसारखे पुढचे चाक असलेली छोटी पट्टेवाली गाडी २ क्रमांकाची. म्हणजे हा संक्षेप दिसला म्हणून गाडी चिलखतीच असेल असे नाही. १०१ पासून पुढे पूर्ण पट्ट्यांवर चालणारी चिलखती वाहने, २०० च्या घरात चाकांच्या टेहळणी गाड्या, चिलखती अर्धपट्टा वाहने आणि सेनानायकांच्या संपर्क-गाड्या, आणि ३०० च्या घरात स्फोटके वाहून नेणारी दूरनियंत्रित वाहने येतात. 'गोलियाथ' नावाचे गुडघ्याएवढे स्फोटक वाहन या शेवटच्या घरातले.

शंभराच्या पट्ट्यात आणखी एक खूण आहे. पँझर एकचा १०१, दोनचा १२१, तीनचा १४१, चारचा १६१, पँथरचा १७१ आणि टायगरचा १८१. त्याच सांगाड्यावर बनलेल्या दुसऱ्या गाड्या बहुधा त्याच दहाच्या घरात जातात. १४२ ही पँझर तीनच्या सांगाड्यावरची हल्ला-तोफ, १६२ ही पँझर चारच्या सांगाड्यावरची रणगाडा-शिकारी गाडी, १७३ हा 'याग्टपँथर' आणि १८६ हा 'याग्टटायगर'. याला मी नियम म्हणत नाही, कारण १३० च्या घरात पँझर दोनवर आधारलेल्या आणि चेक सांगाड्यावर आधारलेल्या गाड्या शेजारी शेजारी नांदतात. पण अनोळखी क्रमांक समोर आला तर शोध कोठून सुरू करायचा, ते यावरून कळते.

क्रमांकानंतरची तिरपी रेघ आणि तिच्यापुढचा आकडा हा या पद्धतीचा कणा आहे. आवृत्तीचे अक्षर बांधणी बदलल्यावर बदलते, तिरप्या रेघेपुढचा आकडा शस्त्र किंवा काम बदलल्यावर. पँझर तीनमध्ये नुसता १४१ म्हणजे ३.७ किंवा आखूड ५ सेंटिमीटरची तोफ, १४१/१ म्हणजे लांब ५ सेंटिमीटरची, १४१/२ म्हणजे आखूड ७.५ सेंटिमीटरची आणि १४१/३ म्हणजे आग फेकणारी गाडी. पँझर चारच्या आउसफ. जी मध्ये आधी एल/४३ तोफ होती तेव्हा ती १६१/१ होती आणि पुढे एल/४८ बसवल्यावर १६१/२ झाली, अक्षर मात्र जी च राहिले. दोन्ही मणी एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, हे यावरून स्पष्ट होते.

हे सर्वांत चांगले समजते ते २५१ क्रमांकात. पायदळाला चिलखताआडून रणांगणावर नेणारे हे मध्यम अर्धपट्टा वाहन. त्याच्या बांधणीच्या ए, बी, सी, डी अशा चार आवृत्त्या झाल्या आणि कामाप्रमाणे वीसहून अधिक उपक्रमांक पडले. २५१/१ म्हणजे साधी सैनिकवाहक गाडी, /२ उखळी तोफेची, /३ बिनतारी संपर्काची, /७ अभियांत्रिकी दलाची, /८ रुग्णवाहिका, /९ आखूड ७.५ सेंटिमीटर तोफेची, /१० पलटणनायकासाठी ३.७ सेंटिमीटर रणगाडाविरोधी तोफेची, /१६ आग फेकणारी, आणि /२२ लांब ७.५ सेंटिमीटर रणगाडाविरोधी तोफेची. म्हणून 'एसडी.केएफझेड. २५१/९ आउसफ. डी' असे दिसले की उजवे आणि डावे वेगळे वाचावे, म्हणजे कामाने तोफगाडी आणि बांधणीने शेवटची, सोपी केलेली आवृत्ती. जुन्या छायाचित्रातली गाडी ओळखतानाही हाच क्रम ठेवावा. आधी वर काय बसवले आहे ते पाहून उपक्रमांक ठरवावा आणि मग मागच्या बाजूचा आकार पाहून अक्षर ठरवावे. डी ची मागची बाजू सरळ तिरपी असते, आधीच्या तिघींची फुगीर टोकदार.

चौथा मणी तोफेचा, आणि त्यात एक साधा सापळा आहे. जर्मन लिखाणात दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. '७,५ सेंमी' म्हणजे साडेसात सेंटिमीटर. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांत हीच तोफ ७५ मिलिमीटरची म्हणून येते. त्यामुळे दोन पुस्तके ताडून पाहताना वाचकाला त्या दोन वेगळ्या तोफा वाटतात. ८.८ सेंटिमीटर आणि ८८ मिलिमीटर यांचेही तसेच.

'केडब्ल्यूके' म्हणजे 'काम्फवागेनकानोने', अर्थात रणगाड्यावर बसवलेली तोफ. तीच तोफ थोड्या बदलाने बुरूज नसलेल्या हल्ला-गाडीवर बसली की 'एसटीयूके' होते आणि रणगाडाविरोधी दलाकडे गेली की 'पाक'. 'फ्लाक' म्हणजे विमानविरोधी तोफ. त्यापुढचा ३६, ४०, ४२, ४३ असा अंक नमुन्याचे साल दाखवतो. शेवटी 'एल/४८'. यातील अंकाला नळीच्या आतील व्यासाने गुणले की नळीची लांबी मिळते. साडेसात गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे ३६० सेंटिमीटर, सुमारे पावणेबारा फूट. पँझर चारच्या सुरुवातीच्या आखूड तोफेचा एल/२४, म्हणजे १८० सेंटिमीटर, बरोबर निम्मी. पँथरचा एल/७०, म्हणजे सव्वापाच मीटर. पहिल्या टायगरची ८.८ सेंटिमीटर तोफ एल/५६ आणि दुसऱ्याची एल/७१. म्हणून दोघांची तोफ 'अठ्ठ्याऐंशीची' होती असे म्हणून थांबू नये, दोघींच्या नळ्यांच्या लांबीत सुमारे १ मीटर ३२ सेंटिमीटरचे अंतर आहे. लांब नळीत दारूच्या वायूला गोळा ढकलायला अधिक वाट मिळते, आणि मोठ्या काडतुसाची जोड मिळाली की गोळ्याचा वेग आणि चिलखत भेदण्याची ताकद वाढते. हा हिशेब कागदावर केला की छायाचित्रातील नळी कोणती, हे मोजपट्टी लावून ठरवता येते.

मघाशी राहिलेली अदलाबदल येथे वाचावी. पँझर तीनच्या शेवटच्या, एन या आवृत्तीच्या नावात '७,५ सेंमी एल/२४' असे येते. ही तीच आखूड तोफ, जी पँझर चारला लांब तोफ मिळाल्यावर मोकळी झाली होती. रणगाड्यांशी भिडण्यासाठी जन्मलेला तिसरा आधाराच्या कामाला लागला आणि आधारासाठी जन्मलेला चौथा आघाडीवर आला. नावातले दोन अंक ही सगळी हकीकत सांगतात.

कंसातील एकट्या अक्षराबद्दल मात्र फार सावध राहावे लागते. 'पँझरकाम्फवागेन ३८(टी)' यातील टी म्हणजे टन नव्हे आणि ३८ म्हणजे वजन नव्हे. ही गाडी दहा टनांच्या आसपासची होती. टी म्हणजे 'चेक' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आणि ३८ हा चेकोस्लोव्हाकियाच्या सैन्यातील नमुन्याचे साल. १९३९ च्या मार्चमध्ये जर्मनीने चेक प्रदेश गिळला तेव्हा तेथील कारखाने आणि रणगाडे दोन्ही हाती आले, त्यातून ३५(टी) आणि ३८(टी) ही नावे आली. त्याच पद्धतीने एफ म्हणजे फ्रेंच, ई म्हणजे इंग्लिश, आर म्हणजे रशियन, ए म्हणजे अमेरिकन, आय म्हणजे इटालियन, पी म्हणजे पोलिश. कंसाबाहेरचे ए किंवा ई हे आवृत्तीचे अक्षर आणि कंसातले ए किंवा ई हे देशाचे, हा भेद विसरला की अमेरिकन गाडीची जर्मन आवृत्ती जन्माला येते. काबीज केलेल्या परकीय रणगाड्यांना सातशेच्या घरातले वेगळे क्रमांक दिले जात. फ्रेंच 'हॉचकिस' ७३५(एफ), सोव्हिएत 'टी-३४' ७४७(आर). ही मालिका एसडी.केएफझेड. च्या यादीपासून वेगळी आहे आणि दोन्ही एकत्र करू नयेत.

प्रायोगिक नमुन्यांची आणखी वेगळी भाषा होती. 'व्हीके' म्हणजे प्रायोगिक रचना, त्यापुढील पहिले दोन अंक ठरवलेला वजनगट टनांत, नंतरचे दोन त्या गटातील रचनेचा क्रम, आणि कंसातील अक्षर कारखान्याचे, म्हणजे एच हेन्शेलचे, पी पोर्शेचे, एम हे मान कंपनीचे. 'व्हीके ४५.०१ (एच)' पुढे टायगर झाला आणि 'व्हीके ३०.०२ (एम)' पुढे पँथर. वजनगटाचा अंक ही इच्छा असते, वस्तुस्थिती नव्हे. पँचेचाळीस टनांचा टायगर प्रत्यक्षात सत्तावन्न टनांच्या आसपास गेला आणि तीस टनांचा पँथर पँचेचाळीसच्या आसपास. सरकारी कामाचा अंदाजपत्रकी खर्च आणि शेवटचे बिल यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

एकाच सांगाड्याला निरनिराळे जातिवाचक शब्द का, याचे कारण बहुधा सैन्याच्या शाखांत असते. बुरूज काढून पुढच्या बाजूला तोफ बसवलेली बसकी गाडी तोफखान्याच्या ताब्यात असली की 'श्टुर्मगेश्युत्स', म्हणजे हल्ला-तोफ. या गाडीची कल्पना मान्श्टाइन या जर्मन सेनाधिकाऱ्याने १९३५ मध्ये मांडली ती पायदळाला सोबत देण्यासाठी. रणगाडाविरोधी दलाची गाडी 'पँझरयेगर', आणि नंतरच्या पूर्ण बंद चिलखताच्या शिकारी गाड्या 'याग्टपँझर'. १९४३ मध्ये गुडेरियन हा सेनापती चिलखती दलाचा महानिरीक्षक झाला तेव्हा या हल्ला-तोफा कोणाच्या, यावरून तोफखान्याशी ओढाताण झाली आणि नावांतही तिची छाया पडली. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. हल्ला-तोफेची आवृत्ती-अक्षरे तिच्या स्वतःच्या मालिकेतील असतात. तिची आउसफ. जी ही पँझर तीनच्या आउसफ. जी वर बनलेली नाही.

राहता राहिले हाकेचे नाव. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटावरचे नाव एक आणि घरात मारायच्या हाकेचे दुसरे असते, तसेच हे. लक्ष दिले तर त्यांतही कुळे दिसतात. रणगाड्यांना मार्जारकुळातील प्राणी (पँथर, टायगर, लिंक्स या अर्थाचा 'लुक्स', सिंह या अर्थाचा 'ल्योवे'), तोफगाड्यांना कीटक (भुंगा या अर्थाचा 'हुमेल', गांधीलमाशी या अर्थाचा 'वेस्पे', रातकिडा या अर्थाचा 'ग्रिले'). नावांची अशी कुळे पाडण्याची जर्मन हौस मुरगावच्या बंदरानेही पाहिली आहे. १९४३ च्या मार्चमध्ये तेथे अडकून पडलेल्या ज्या जर्मन मालवाहू जहाजांवर कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिशांच्या तुकडीने छापा घातला, ती 'एरेनफेल्स', 'द्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' एकाच हान्सा कंपनीची होती, आणि 'फेल्स' म्हणजे कातळ हे त्या कंपनीच्या जहाजांचे आडनावच होते.

हाकेच्या नावावर ओळख ठरवू नये असे माझे मत आहे, कारण ते सर्वांत चंचल असते. पोर्शेच्या वाया गेलेल्या सांगाड्यांवर बनलेल्या सुमारे नव्वद शिकारी गाड्यांना आधी फर्डिनांड पोर्शेच्या नावावरून 'फर्डिनांड' म्हणत. १९४४ मध्ये दुरुस्त होऊन आल्यावर त्याच 'एलेफांट', म्हणजे हत्ती झाल्या. 'हॉर्निसे' ही मोठी गांधीलमाशी त्याच वर्षी 'नासहॉर्न', म्हणजे गेंडा झाली. उलट पँथरच्या बाबतीत २७ फेब्रुवारी १९४४ रोजी हिटलरने हुकूम काढून पाच हा अंकच काढून टाकला आणि हाकेचे नाव तेच अधिकृत नाव ठरले. म्हणून त्यानंतरच्या कागदावर 'पँझर पाच' शोधत बसू नये.

या सदरातील सर्वांत मोठा गैरसमज 'किंग टायगर'चा. जर्मन भाषेत 'क्योनिग्सटिगर' हे बंगाली वाघाचे, म्हणजे आपल्या पट्टेरी वाघाचे नाव आहे. त्याचे तुकडे पाडून इंग्रजांनी 'राजा' आणि 'वाघ' केले आणि आपण त्यावरून 'राजवाघ' असे भाषांतर करून बसलो. म्हादईच्या रानात फिरणारा आणि सत्तरीत वाघ्रो म्हणून पुजला जाणारा जो प्राणी, तोच त्या नावात आहे, कोणी मुकुटधारी वाघ नव्हे. मराठीत लिहिताना 'टायगर २' किंवा 'टायगर आउसफ. बी' लिहावे, ते निर्धोक आहे.

बुरुजावर रंगवलेला तीन अंकी आकडा या साऱ्यात येत नाही, तरी नवखे वाचक तो नावात धरतात. पहिला अंक कंपनी, दुसरा पलटण, तिसरा पलटणीतील गाडी, ही त्याची नेहमीची रीत, जरी सगळ्या तुकड्यांनी ती पाळली नाही. १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला आणि आज इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात असलेला 'टायगर १३१' हा पहिल्या कंपनीच्या तिसऱ्या पलटणीची पहिली गाडी आहे. १३१ हा त्याचा प्रकार नव्हे. प्रकार विचाराल तर १८१, आणि एसडी.केएफझेड. १३१ ही तर पँझर दोनवरची निराळीच शिकारी गाडी.

प्रतिकृतीखाली चिठ्ठी लावायची असेल किंवा वहीत नोंद करायची असेल, तर मी जात, अंक, आवृत्ती, यादी-क्रमांक, तोफ आणि सर्वांत शेवटी अवतरणचिन्हांत हाकेचे नाव, हा क्रम ठेवतो. ज्या मण्याची खात्री नसेल तो गाळतो, अंदाजाने भरत नाही. सरावासाठी एक अवघड नाव घ्यावे: 'पँझरयेगर ३८(टी) फ्युर ७,६२ सेंमी पाक ३६(आर), एसडी.केएफझेड. १३९'. रणगाडाविरोधी दलाची गाडी, सांगाडा १९३८ च्या चेक नमुन्याचा, 'फ्युर' म्हणजे 'साठी', आणि ज्या तोफेसाठी तो सांगाडा वापरला ती ७.६२ सेंटिमीटरची, १९३६ च्या सोव्हिएत नमुन्याची, काबीज करून जर्मनांनी आपल्या दारूगोळ्याला जुळवून घेतलेली. क्रमांक १३९ म्हणजे पूर्ण पट्ट्यांची चिलखती गाडी. चेक अंगावर रशियन तोफ आणि वर जर्मन कारकुनाची नोंद, असे तीन देश एका ओळीत बसले आहेत. खोक्यावर हिचे नाव नुसते 'मार्डर ३' असे मोठ्या अक्षरांत असते. त्या नावाच्या आणखी दोन वेगळ्या गाड्या १३८ या क्रमांकाखाली आहेत, म्हणून माझ्या चिठ्ठीवर 'मार्डर' शेवटी, बारीक अक्षरांत येते.